बापाच्या फोनवर पोराचं बोट

चेन्नईच्या साहुकारपेठेत, मिंट स्ट्रीटच्या आसपासच्या गल्ल्यांत, सोन्या-चांदीच्या गलाईची मराठी दुकानं आहेत. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी पट्ट्यातून माणसं बाहेर पडली आणि देशात जिथं सराफांची पेठ दिसली तिथं जाऊन बसली. जुने दागिने वितळवायचे, तेजाबात शुद्ध करायचे आणि सोनं परत द्यायचं, हा धंदा. खाली दुकान, मागं किंवा वर घर. भट्टी आणि तेजाबाजवळ वर्षानुवर्षं हात राबले की बोटांच्या रेषा झिजतात. मग फोनवर बोट टेकवलं तरी फोन मालकाला ओळखत नाही. म्हणून इथल्या कितीतरी घरांत बापाच्या फोनवर नोंदवलेलं बोट पोराचं असतं.

मी याच भागातल्या एका शाळेत संगणक शिकवते. माहेर सांगली जिल्ह्यातलं, त्यामुळे शाळेत येणाऱ्या मराठी आया माझ्याशी मोकळेपणानं बोलतात आणि शाळा सुटल्यावर हातात फोन घेऊन थांबतात. त्यांची चिंता बहुतेक एकच: पोरगं दिवसभर फोनमध्ये काय करतं ते कळत नाही. मुलांना इंटरनेटवर सुरक्षित कसं ठेवावं याबद्दल जे सांगितलं जातं, त्यात आईबापांना फोन कळतो आणि त्यांनी तो मुलांच्या हाती जपून द्यायचा, असं गृहीत धरलेलं असतं. माझ्या ओळखीच्या घरांत ते उलटं आहे. इथं मुलं फोन चालवतात आणि आईबाप त्यांना विचारून वापरतात.

याला कारण आहे. बाप कामापुरतं तमिळ बोलतो, वाचता येत नाही. आईला भाजीबाजारापुरतं येतं. मुलं मात्र इंग्रजी माध्यमात शिकतात, आणि २००६ च्या तमिळ शिक्षण कायद्यामुळे तमिळही शिकतात. विजेचं बिल, गॅसची नोंदणी, बँकेतून आलेला ओटीपी, जीएसटीचा संदेश, गावाकडच्या गाडीचं तिकीट, सगळं सातवी-आठवीतलं पोर बघतं. यूपीआयचा पिन त्यालाच पाठ असतो. दुकानात गिऱ्हाईक उभं असताना बाप हाक मारतो, “ये रं, पैसं आलं का बघ,” आणि मुलगा गृहपाठ सोडून खाली येतो. त्यात त्याला मोठेपणा वाटतो, घराला मदत होते. मला या मुलांचं कौतुक आहे. पण घरातल्या प्रत्येक कुलपाची किल्ली बारा-तेरा वर्षांच्या मुलाकडे आहे, हेही तितकंच खरं.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि हे पक्कं झालं. त्याआधी फोन दुकानाचा होता, मुलाला तासाभरापुरता मिळायचा. ऑनलाइन वर्ग सुरू झाले तसा तो सकाळपासून मुलाकडे राहू लागला. काही कुटुंबं गावी गेली आणि मुलं शेतातल्या झाडाखाली, जिथं रेंज येईल तिथं बसून चेन्नईच्या शाळेचे तास करू लागली. तमिळनाडूत पहिली ते आठवीचे वर्ग पुन्हा भरले ते १ नोव्हेंबर २०२१ ला. दीड वर्षाहून जास्त काळ हातात राहिलेला फोन मग कोणाला परत घेता आला नाही.

अशा घरात आईला ‘पॅरेंटल कंट्रोल लावा’ असं सांगून भागत नाही. गुगलचं फॅमिली लिंक चांगलं आहे. त्यानं वेळ ठरवता येते, नवं अ‍ॅप घेण्याआधी पालकांची परवानगी लागते. पण त्यासाठी पालकांचं स्वतःचं गुगल खातं लागतं, आणि आईचं खातं पोरानंच उघडलेलं असतं. पासवर्ड त्यानं ठेवलेला, खातं परत मिळवायला दिलेला नंबर त्याच्याच हातातल्या फोनचा. पहारा कोणी कोणावर ठेवायचा? एक आई मला म्हणाली, “मॅडम, आमाला काय कळतंय त्यातलं? ते सांगतंय तिथं आम्ही बोट दाबतोय.”

फोन तपासायचा म्हटलं तरी भाषा आडवी येते. इथली मुलं गप्पा मारतात त्या तमिळमध्ये आणि लिहितात रोमन अक्षरांत, अर्ध्या शब्दांत, मधेच इंग्रजी. मराठी वाचणाऱ्या आईला त्यातलं अक्षर कळत नाही, आणि इंग्रजी जाणणाऱ्या काकालाही फारसा अर्थ लागत नाही. मुलाच्या पाठीमागं फोन उघडून बघणारी आई मला भेटते तेव्हा तिच्या हाती काहीच लागलेलं नसतं. मुलाला मात्र ते कळलेलं असतं, आणि त्यानं कुलूप बदललेलं असतं.

मग सरकारनंच बंद करावं, असं आया म्हणतात. बंदीचा अनुभव तमिळनाडूनं आधीच घेतला आहे. एप्रिल २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने टिकटॉकवर बंदी घालायला सांगितलं. अ‍ॅप दुकानांतून ते नाहीसं झालं आणि महिना संपायच्या आत परत आलं. २९ जून २०२० ला केंद्रानं इतर चिनी अ‍ॅपबरोबर टिकटॉक बंद केलं. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामवर रील्स आले, सप्टेंबरात यूट्यूबचे शॉर्ट्स. पबजी त्याच सप्टेंबरात बंद झालं आणि पुढच्या वर्षी नव्या नावानं उभं राहिलं. माझ्या वर्गातल्या मुलांनी या बंद्यांमध्ये एकही संध्याकाळ रिकामी काढली नाही. डिसेंबर २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियानं सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांची खाती बंद केली. त्याच महिन्यात मदुराई खंडपीठानं तसा कायदा इथं करता येईल का ते केंद्रानं पाहावं, असं सुचवलं. मी कायद्याच्या बाजूची आहे. कंपन्यांवर धाक हवाच. पण कायदा येईल तेव्हाही खातं उघडताना जन्मसाल विचारलं जाईल, आणि बापाच्या आधारवर ओटीपी मागवणारं बोट त्या मुलाचंच असेल.

नववीतल्या एका मुलाची हकिकत सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. हुशार, अबोल मुलगा. फ्री फायर खेळताना त्याची एका ‘मुलीशी’ ओळख झाली. खेळात बोलण्याची सोय असते, पण ती कधी बोलली नाही, नुसती लिहायची. दोन आठवड्यांत गप्पा इन्स्टाग्रामवर गेल्या, तिथून रात्रीच्या व्हिडिओ कॉलवर. पलीकडे पडद्यावर एक मुलगी होती, म्हणजे आधीच चित्रित केलेला व्हिडिओ होता. या बाजूला मुलगा खरा होता. कॉल संपल्यावर काही मिनिटांत त्याला स्वतःचीच चित्रफीत आली, खाली त्याच्या मित्रांच्या नावांची यादी. पाचशे रुपये पाठव. मग हजार. मग दोन हजार. तो बापाच्या खात्यावरून पाठवत गेला, कारण पिन त्यालाच माहीत होता आणि आलेला बँकेचा संदेशही तोच वाचणार होता.

तो माझ्याकडे आला तो लॅब रिकामी असताना. आधी बराच वेळ माऊस हलवत बसला. मग तमिळमध्येच म्हणाला, “मिस, वीट्ल सोल्लादींग.” घरी सांगू नका.

तसं वचन मी दिलं नाही, देता आलंही नसतं. अठरा वर्षांखालच्या मुलाबाबत असा गुन्हा घडल्याचं कळलं की पोलिसांना कळवणं पॉक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या कलम १९ प्रमाणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. शिक्षकावर तर आहेच. मी त्याला सांगितलं, की घरी सांगावं लागेल, पण सांगताना मी शेजारी असेन, आणि यात गुन्हेगार तू नाहीस. हे शेवटचं वाक्य मी तीन-चार वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितलं, कारण पहिल्यांदा ते त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. मग पुढचं सांगितलं: यापुढं एक रुपयाही पाठवायचा नाही, पैसे मिळाले की मागणी वाढतेच. काही पुसायचं नाही. सगळ्या संदेशांचे, खात्याच्या नावाचे, पैसे गेले त्या व्यवहारांचे फोटो घ्यायचे, आणि मग ते खातं ब्लॉक करायचं.

संध्याकाळी आम्ही दुकानात गेलो. वडिलांनी ऐकलं आणि हात उगारला. थोरले चुलते गादीवर बसले होते, त्यांनी तो हात धरला. “पोरगं मास्तरणीपर्यंत गेलंय, आपल्यापर्यंत न्हाई आलं. आधी त्याचा इचार कर,” एवढंच ते म्हणाले. त्या घरात पुढं जे काही नीट झालं ते त्या वाक्यामुळे झालं असं मला वाटतं.

तरी पोलिसांत जायचं म्हटल्यावर सगळे गप्प झाले. त्यांची भीती मला समजते. चोरीचा दागिना गलाईला आला की पोलिसांची चौकशी आधी गलाईवाल्याच्या दारात येते. पोलिस म्हणजे दुकानाला कुलूप, हे समीकरण त्यांच्या मनात पिढ्यांपासून बसलेलं आहे. शिवाय विट्याकडे बातमी गेली तर? मी कायदा समजावून सांगितला. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घेतला जातो, घेणारा अधिकारी गणवेशात नसतो, मुलाची ओळख जाहीर करता येत नाही. १९३० या मदत क्रमांकावर पैशांची तक्रार आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या राष्ट्रीय संकेतस्थळावर बाकीची तक्रार नोंदवली, मग ठाण्यात गेलो. चित्रफितीसाठी ‘टेक इट डाउन’ या सेवेचा उपयोग केला. अमेरिकेतल्या बेपत्ता आणि शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राची ही मोफत सेवा आहे. ती चित्र मागत नाही. चित्र आपल्याच फोनमध्ये राहतं, त्याच्यापासून एक अंकी ठसा तयार होतो, आणि सहभागी कंपन्या त्या ठशाशी जुळणारं चित्र आपल्या मंचावर सापडलं की काढतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या बंदिस्त संदेशांत ती पोचत नाही, हेही मी घरच्यांना सांगितलं. गेलेले पैसे परत आले नाहीत. मुलगा मात्र चार दिवसांनी शाळेत आला, आणि दहावी पास झाला.

मुलींच्या बाबतीत घरं अजून कठोर होतात आणि तिथं मला राग आवरत नाही. आठवीतल्या एका मुलीचा शाळेच्या समूह-छायाचित्रातला चेहरा कापून कोणीतरी तिच्या नावानं खोटं खातं उघडलं. मुलीनं काहीही केलेलं नव्हतं. तिनं आईला स्वतःहून सांगितलं, म्हणजे आपण मुलांकडून जे मागतो तेच केलं. त्या रात्री तिचा फोन गेला, शिकवणी बंद झाली, आणि आठवड्याभरात तिला गावी आजीकडं पाठवायची बोलणी सुरू झाली. गलाईवाल्यांच्या घरात कोणत्याही अडचणीवर ‘गावाकडं पाठवा’ हा हुकमी उपाय आहे. खोटं खातं काढून टाकायला अर्ज भरावा लागतो, तो आम्ही भरला आणि खातं गेलं. मुलीचा दाखला काढू नका म्हणून तिच्या आईवडिलांची समजूत घालायला मात्र सगळं सत्र लागलं. तिच्या वर्गातल्या बाकीच्या मुलींनी हे पाहिलं. पुढं कितीतरी महिने त्यांच्यातली एकही माझ्याकडे काही सांगायला आली नाही. खरं सांगितल्याबद्दल एका मुलीला शिक्षा झाली, आणि तेवढ्यानं वर्गभर तोंडं मिटली.

म्हणून आता मी पालकांना बोलावते तेव्हा फोन आणि मूल दोन्ही बरोबर आणायला सांगते. शिकवतं मूल, शिकते आई. इन्स्टाग्राम उघडून यादीतला एकेक जण कोण, कुठं भेटला, प्रत्यक्ष पाहिलेला आहे का, हे मूल आईला सांगतं. सुरुवातीला मुलं कुरकुरतात. नंतर आपल्याला येतं ते आईला शिकवण्यात रमतात, आणि बोलता बोलता एखाद्या नावाशी अडखळतात. आईला तिथंच कळतं. तिला रोमन तमिळ वाचायची गरज पडत नाही, पोराचा चेहरा तिला वाचता येतो.

दुसरं काम वडिलांचं. यूपीआयचा पिन त्यांनी स्वतः बदलायचा आणि स्वतः टाकायचा. बोट उमटत नसेल तर आकड्यांचं कुलूप ठेवायचं. मुलानं बिल भरावं, तिकीट काढावं, पण पिनच्या वेळी फोन बापाच्या हातात द्यावा. यात मुलावर अविश्वास नाही. त्याच्यावरचं ओझं उतरतं, कारण धमकी देणाऱ्याला त्याच्याकडून पैसे मिळूच शकत नाहीत. गल्ल्यावर बसलेल्या माणसाला हा मुद्दा चटकन पटतो.

फोनमधल्या सोयी मी यानंतर लावून देते. अँड्रॉइड फोनच्या ‘प्रायव्हेट डीएनएस’ या जागी फॅमिली डॉट क्लाउडफ्लेअर-डीएनएस डॉट कॉम असं लिहिलं की अश्लील संकेतस्थळं वायफायवर आणि मोबाइल डेटावरही उघडत नाहीत. पैसे पडत नाहीत. मात्र इन्स्टाग्रामच्या किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या आत काय येतं त्यावर याचा काही उपाय चालत नाही. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये आपल्याला गटात कोण घेऊ शकतं, याची मर्यादा ओळखीच्या नंबरांपुरती ठेवता येते, अनोळखी कॉलचा आवाज बंद करता येतो. इन्स्टाग्रामनं किशोरांसाठी वेगळी खाती आणली आहेत, भारतात ती फेब्रुवारी २०२५ पासून आहेत. सोळाच्या आतल्या मुलाला त्यातली बंधनं पालकांच्या परवानगीशिवाय सैल करता येत नाहीत. पण ती मिळतात खरं वय सांगणाऱ्यालाच. म्हणून खातं उघडताना वय खोटं टाकलं आहे का, हे मी पहिल्यांदा बघते. बहुतेकांनी टाकलेलं असतं.

रात्री फोन खाली गल्ल्याजवळ चार्जिंगला, हा नियम ज्या घरांनी पाळला तिथं फरक पडलेला मी पाहिला आहे. त्रास देणारे बहुतेक सगळे प्रकार रात्री अकरानंतरचे असतात. एका आईनं त्यावर विचारलं होतं, “मग ह्यांचाबी फोन खाली ठिवायचा का?” ठेवायचा. मोठ्यांचा फोन उशाशी असेल तर नियम चार दिवसही टिकत नाही.

एक गोष्ट पुरुषांसमोर बोलावी लागते, म्हणून ती बहुतेक ठिकाणी राहून जाते. गलाईच्या दुकानात गावाकडून आलेली अठरा-वीस वर्षांची पोरं काम शिकायला राहतात. घरच्या मुलाच्या फोनवर सगळी बंधनं लावली, तरी दुकानातल्या चार फोनांवर ती नसतात, आणि दुपारी काम थंड असताना लहान मुलं त्याच फोनांत डोकावतात. त्या पोरांना मी बरोबर बसवते आणि सांगते, की लहान मुलांचं लैंगिक शोषण दाखवणारं काहीही गटात आलं तर ते ठेवायचं नाही, ‘बघा काय चाललंय’ म्हणूनही पुढं पाठवायचं नाही. हे चेन्नईतच घडलेल्या प्रकरणावरून ठरलेलं आहे. अंबत्तूरच्या एका तरुणावरचा असा खटला मद्रास उच्च न्यायालयानं जानेवारी २०२४ मध्ये रद्द केला होता. २३ सप्टेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयात तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती पारडीवाला यांच्या खंडपीठानं तो निकाल फिरवला. नुसतं डाउनलोड केलं, कोणाला पाठवलं नाही, ही सबब आता चालत नाही. ही पोरं घाबरतात, मग प्रश्न विचारतात. त्यांना हे आधी कोणीच सांगितलेलं नसतं.

शाळांनाही बरंच करायचं आहे. मे २०२१ मध्ये चेन्नईतल्या एका नामवंत शाळेच्या शिक्षकाला ऑनलाइन वर्गातल्या वागण्यावरून अटक झाली, तेव्हा राज्य सरकारनं ऑनलाइन वर्गांसाठी नियम घातले आणि वर्गांचं ध्वनिचित्रमुद्रण करायला सांगितलं. त्या प्रकरणात माजी विद्यार्थिनी बोलल्या, वर्षानुवर्षांचं साचलेलं बोलल्या. वर्गात असताना त्यांना ऐकणारं माणूस मिळालं नव्हतं. बाललैंगिक अत्याचार रोखण्यासाठी आणि मुलांना सावरण्यासाठी ‘तुळिर’ ही संस्था चेन्नईत २००४ पासून आहे. मुंबईत ‘आरंभ’ आहे. मोठ्या शहरात राहून या संस्था आपल्या पालकांना ठाऊक नसाव्यात, याचं मला वाईट वाटतं.

साहुकारपेठेतल्या, आणि गलाईच्या निमित्तानं देशभर पसरलेल्या आपल्या घरांना माझी विनंती आहे. आज दुकान वाढवल्यावर पोराला जवळ बसवा आणि त्याला एवढं सांगा, की फोनमध्ये काहीही झालं, त्याच्या हातून काहीही झालं, तरी तो सांगायला आला म्हणून फोन काढून घेणार नाही, मारणार नाही, शाळा सोडवणार नाही. आणि मग तो शब्द पाळा. मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८, चोवीस तास आणि मोफत. ऑनलाइन पैसे गेले तर १९३०. तमिळनाडूच्या शाळांतल्या मुलांसाठी १४४१७. हे तिन्ही त्याच्याकडूनच तुमच्या फोनमध्ये नोंदवून घ्या.